काळं ते तिचं, लाल ते देवाचं

आमच्या घरात मासोळी धुतलेलं पाणी कधी रस्त्यावर गेलं नाही. बा आणि मोठबा उजाडता उजाडता तलावावरून जाळी घेऊन येत, ओसरीवर टोपली टेकवत, आणि विकायच्या मासोळ्या निघून गेल्या की उरलेल्या घेऊन माय विळीवर बसे. मोठबा म्हणजे माझ्या बापाचा थोरला भाऊ, आणि त्याची बायको ती मोठमाय. एक दार, एक चूल, आणि त्या चुलीवर राज्य मोठमायचं. माय मासोळी चिरायची, मोठमाय रांधायची. खवले, आतडी, लालसर पाणी सगळं माय एका मडक्यात जमा करी आणि मडकं कमरेवर घेऊन मागच्या सांदवाडीत जाई. सांदवाडी म्हणजे घरामागची भाजीपाल्याची जागा. आमच्या झाडीपट्टीत ज्याचं घर त्याची सांदवाडी असायचीच, पण बहुतेकांच्या सांदवाडीत दोन मिरच्या आणि एक भोपळ्याचा वेल, एवढाच पसारा. आमची पाहायला मात्र लोक वाट वाकडी करून येत. तेव्हा हा सारा मुलूख चांदा जिल्हाच होता, गडचिरोली वेगळी झालेली नव्हती, आणि आमच्या गावाला एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला तलाव. मधे जी जमीन, ती नुसता लाल मुरूम. कुदळ मारली की ठण्ण वाजायची. त्या मुरमावर मायनं काळीभोर माती तयार केली होती, आणि ती कशी केली ते मी लहानपणापासून पाहत होते, म्हणून सांगते.

उन्हाळ्यात तलाव आटत जाई, तसा काठाचा गाळ उघडा पडे. उन्हानं त्याच्या खपल्या सुटत. त्या खपल्या टोपल्यात भरून, डोक्यावर चुंबळ ठेवून माय घरी आणी. पण आणला की पसरला असं नाही. कुंपणाजवळ ढीग घालून ती तो चांगला तापू देई, हातानं चुरगळला की भुगा झाला पाहिजे. "कच्चा गाळ घातला तर माती थापल्यावानी होते, पोरी. मंग तिच्यात मूळ जाईन कुठून?" असं म्हणायची. मोहफुलं वेचायच्या आधी सारा गाव मोहाखालचा पालापाचोळा पेटवून देई, फूल स्वच्छ जमिनीवर पडावं म्हणून. माय पेटवत नसे. ती तो पाला झाडून घरी आणी, आणि लोक म्हणत, ह्या बाईले कचऱ्याचा नाद हाय. पावसाळ्यात तरोटा, म्हणजे टाकळा, माजायचा. त्याची कोवळी पानं आम्ही खाऊन घ्यायचो, उरलेला फुलावर यायच्या आत उपटून तिथल्या तिथे मातीत दाबायचा. फूल आलं की मायच्या तोंडून शिवी निघालीच म्हणून समजा. सरींमध्ये पळसाची पानं अंथरायची, म्हणजे पावसाचा मार मातीला लागत नाही. दसऱ्यानंतर खुरपीनं हलकं उकरायचं, फार खोल नाही. थंडीत चुलीची राख, तीही मिठासारखी, चिमटी चिमटीनं. बकरीच्या लेंड्या जुन्या झालेल्या, ताज्या नाहीत. आणि मासोळीचं पाणी कधीच थेट मुळाशी नाही. कोपऱ्यात पाल्यानं भरलेला एक खड्डा होता, त्यात ओतायचं, वरून पाला लोटायचा, आणि पुढच्या वर्षापर्यंत त्याचं तोंड बघायचं नाही.

या मातीत पाय द्यायला बंदी होती. चालायचं तर कडेच्या फरशीवरून. मी एकदा वांग्याच्या वाफ्यात धपकन उडी मारली, तर मायनं पाठीत असा धपाटा घातला की मी तलावापर्यंत बोंबलत गेले. मला गळानं मासे धरायचा भारी नाद, आणि गळाला लावायला गांडुळं हवीत. आमच्या सांदवाडीत बोट खुपसलं तरी गांडूळ निघे. पण माय बजावी, "गांडुळं पाहिजेत तर तलावाच्या काठी उकर. माह्या वाडीतला एकही हलवू नको, ते माहे नौकर आहेत." मी लपून काढायचे ते काढायचेच. पकडले गेले की मोठमाय चुलीजवळून ओरडे, "मार ना लेकराले! गांडुळासाठी लेकरू मारते, पाहा गा कोणी!" मोठमाय तशी मायाळू, पण बोलणं असं की दारावरची चिमणी उडून जाईल. तिच्या हातचे झिंगे-वांगे मात्र काय सांगू. वाळलेले बारीक झिंगे तव्यावर खरपूस भाजायचे, सांदवाडीतली कोवळी काटेरी वांगी, मिरची-लसणाचा ठेचा, आणि भाताची गरम पेज. वांगी मायची, हात मोठमायचा. जेवताना कोणी वांग्याची तारीफ केली की मोठमायचं तोंड वाकडं, रांधण्याची केली की मायचं. बा आणि मोठबा शहाणे. दोघे मान खाली घालून नुसते जेवत.

मग मोठबाच्या मुलाचं लग्न ठरलं. सून येणार, घर लहान पडणार, म्हणून भावांनी गोडीगुलाबीनं वेगळं व्हायचं ठरवलं. भांडण वगैरे काही नाही. गावातल्या म्हाताऱ्या पंचाला, त्याला सारे आबाजी म्हणत, त्याला बोलावून ओसरीवर घोंगडी टाकली. जाळी वाटली, मासे धरायचा डोंगा एक दिवस याचा एक दिवस त्याचा ठरला, बैल, धानाची कोठी, पितळेची भांडी, सारं झालं. आमच्याकडे उकिरडासुद्धा वाटतात, टोपली टोपली मोजून. तोही वाटला. घराची वाटणी करायची रीत आधीपासून पक्की: दारात उभं राहून पाहायचं, उजवी बाजू थोरल्याची, डावी धाकट्याची. मधे, घरापासून मागच्या कुंपणापर्यंत, मातीची भिंत घालायची. माणसं पान-सुपारी खाऊन उठायला लागली. तेवढ्यात माय आतल्या दाराशी येऊन उभी राहिली. सांदवाडी घरामागे उजव्या अंगाला होती, म्हणजे ती मोठबाकडे गेली. इतका वेळ एकाही पुरुषाच्या हे ध्यानात आलं नव्हतं. मोठमायच्या मात्र आलं असणार, कारण ती सकाळपासून गप्प होती, आणि मोठमाय गप्प म्हणजे काहीतरी आहेच.

"आबाजी," माय म्हणाली, "उकिरडा वाटला ना जी?"

"वाटला ना, बाई."

"मंग माही माती काऊन नाई वाटली?"

आधी सारे हसले. माती कोणी वाटतं का! जमीन ज्याची, माती त्याची. मायचा चेहरा पाहून हसणं थांबलं. ती म्हणाली, जमीन घ्या, मी काही बोलत नाही. पण ही माती इथे नव्हतीच. तलावातून मी आणली, जंगलातून मी आणली. लग्न होऊन आले तेव्हा इथे मुरूम होता, बाईमाणसाची कुदळ चालत नव्हती. डावीकडे आमच्या वाट्याला आली ती बैल बांधायची जागा, तिथे गवताची काडी उगवत नाही. मी पोरीला खाऊ काय घालू? बोलता बोलता तिचा आवाज फाटला. मी तिला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही ती रडली नाही, पण जवळ आलं होतं.

आता मोठमाय उठली. "तू मातीत हात घालून बसत होती, तेव्हा चुलीत हात कोण घालत होतं? तुह्या मातीतली राख कोणाच्या चुलीची हाय? तुहं लेकरू भुकेनं रडे तेव्हा तू वाडीत, अन् तिले पेज मी पाजत होती. पाजली का नाई, सांग!" आणि ते खरंच होतं. आज विचार करते तर वाटतं, त्या दिवशी दोघीही खरं बोलत होत्या, म्हणूनच ते इतकं पेटलं. खोटं बोलणारं एक असतं तर आबाजीला सोपं गेलं असतं.

आबाजी बिचारा. त्यानं पुष्कळ डोकं खाजवलं आणि शेवटी बाला कुदळ आणायला सांगितलं. सारी मंडळी सांदवाडीत गेली, चपला घालून, सरळ वाफ्यांमधून, आणि माय एकटी कडेच्या फरशीवरून मागोमाग गेली. एका कोपऱ्यात बानं खड्डा खणला. वरून काळी माती, ढोपरापर्यंत काळी, आणि तिच्याखाली एकदम लाल मुरूम. दोघांमधली रेघ अशी स्पष्ट की आंधळ्यालाही दिसावी. आबाजीनं काठीनं ती रेघ दाखवली. "हे पाहा. काळं ते तिचं, लाल ते देवाचं. देवाचं होतं ते थोरल्याले गेलं. तिनं आणलं ते तिनं न्यावं. झालं?" पंचाचा न्याय झाला. मोठमाय पदर झटकून आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

मायनं माती नेली. सगळी नेली. भर उन्हाळ्यात ती, बा आणि मी टोपल्या भरभरून डावीकडे वाहत होतो. वांगी, मिरच्या, वालाचा वेल, सारं उपटलं. माय फावड्यानं खालची रेघ येईपर्यंत खरवडत गेली. बा एकदा हळूच म्हणाला, "थोडी राहू दे ना व त्यांच्यासाठी." मायनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढची टोपली उचलून चालता झाला. टोपलीत गांडुळं वळवळत, आणि बैलांच्या जागेवर माती उपडी केली की उन्हात तिथल्या तिथे वाळून दोऱ्यासारखी होत. मी मायला दाखवलं. ती म्हणाली, "होतील दुसरे." सारं काम संपलं तेव्हा आमच्या अंगणात काळा ढिगारा होता आणि भिंतीपलीकडे मोठमायच्या वाट्याला लाल, उघडा खड्डा. अगदी खरवडून काढलेल्या भांड्यासारखा.

जिंकलेल्या मातीचं पुढे काय झालं, ते ऐका. धान कोठीत भरावा तशी माती नेऊन ठेवता येते असं मायला वाटलं होतं, आणि तिच्यासारख्या बाईला असं वाटावं याचं मला अजून नवल वाटतं. रागानं माणसाचं शिकलेलं सारं पुसलं जातं. बैलांच्या पायाखाली दगड झालेली ती जमीन तिनं आधी फोडली नाही, बांध घातला नाही, नुसती वर माती ओतली. अंगण रस्त्याकडे उतरतं होतं. पावसाळा लागला आणि मायची माती काळ्या ओहोळानं गल्लीत निघाली. माय पाठीवर घोंगतं घेऊन पावसात धावायची, फळ्या लावायची, हातांनी अडवायची. "चालली का व, चालली का!" असं मातीलाच म्हणायची. जी उरली तिच्याखाली पाणी मुरेना. वांगी पिवळी पडली, मिरच्या कुजल्या. मी बोट खुपसून पाहिलं, एक गांडूळ नाही. पलीकडे मोठमायच्या खड्ड्याचं डबकं झालं, त्यात बेडकं ओरडत. त्या वर्षी दोन्ही घरांनी कोरडी भाकर आणि मीठ-मिरची खाल्ली. आमच्या नशिबी झिंगे होते, पण वांगी नव्हती. मायला रांधताही धड येत नव्हतं, ते मला तेव्हाच कळलं.

आता मासोळीचं पाणी ओतायचं कुठे? पाल्याचा खड्डा तिकडे राहिला. अंगणात ओतलं की घाण सुटे. एका सकाळी माय मडकं घेऊन उभी राहिली, वाफ्यांकडे पाहिलं, गल्लीकडे पाहिलं, आणि संतापानं ते सारं पाणी भिंतीवरून पलीकडे भिरकावलं. "घे! तुले पाहिजे होती ना माही वाडी, घे मंग!" पलीकडून मोठमायचा आवाज आला तो काही इथे लिहिण्यासारखा नाही. दुसऱ्या सकाळी भिंतीवरून चुलीची राख आमच्या अंगणात आली, पाठोपाठ गोठ्यातली झाडलोटही. "राख माहीच होती ना? घे, खा!" मायनं दुसऱ्या दिवशी खवले फेकले. मोठमायनं टोपलीभर शेण. बा आणि मोठबा मात्र डोंग्याची वाटणी विसरून तलावात एकत्रच बसत, विडी ओढत, आणि घरी आले की दोघेही लाजेनं आपापल्या दारात शिरत. नवी सून बिचारी पदर तोंडाला लावून हसे, आणि सासूला हसताना दिसली की तिला वेगळं ऐकावं लागे.

ही लढाई वर्षानुवर्षं चालली. पण घाण आली की तिचं काही तरी करावंच लागतं. मायनं शिव्या देत देत राख पसरली, झाडलोट एका कोपऱ्यात ओढली. पलीकडे मासोळीच्या वासानं मांजरं जमत, म्हणून मोठमाय शिव्या देत देत त्यावर पाला टाकी. तिला पाला लागू लागला, तर तीही मोहाखालचा पाला न पेटवता घरी आणू लागली. उन्हाळ्यात दोघीही तलावाचा गाळ काढायला जात, एकमेकींकडे पाठ करून. मी मधे उभी, कोणाच्या डोक्यावर टोपली चढवायची तेच कळेना. मायनं यावेळी आधी जमीन फोडली, बांध घातला, आणि दात-ओठ खात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आणि एका हिवाळ्यात मी भिंतीजवळच्या कोपऱ्यात बोट खुपसलं, तर गांडूळ निघालं. मी ओरडले, "माय, नौकर आला!" माय धावत आली. तिनं ते गांडूळ तळहातावर घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि परत मातीत सोडून वर मूठभर माती टाकली. त्या दिवशी तिनं भिंतीपलीकडे पाणी फेकताना शिवी दिली नाही. फेकलं मात्र.

परवा माझ्या नातसुनेनं इथे बल्लारपूरला कुंड्यांसाठी पिशवीतली माती विकत आणली. मी चिमूटभर हातात घेतली, वास घेतला. वासच नाही. तिला म्हटलं, पोरी, हिच्यावर कोणी कधी रागावलं नाही वाटतं. ती हसली, म्हाताऱ्यांचं चालायचंच म्हणून.

तर ती भिंत. माझं लग्न ठरायच्या आधीच्या पावसाळ्यात झडीमध्ये भिंत भिजली आणि एका दुपारी बसली. भुईसपाट झाली. पाऊस उघडल्यावर बा आणि मोठबा कुदळी घेऊन आले, नवा पाया खणायला. आबाजीही काठी टेकत आला, आता त्याला नीट दिसत नव्हतं. माय आपल्या बाजूला उभी, मोठमाय तिच्या. दोघींच्या मधे फक्त ओली माती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघी एकमेकींना पूर्ण दिसत होत्या. मोठमायचे केस पिकले होते. मायनं ते पाहिलं, मी मायला पाहताना पाहिलं.

मोठबानं कुदळ मारली. ठण्ण वाजलं नाही. धप्प करून कुदळ आत गेली. त्यानं ढेकूळ काढलं, काळंभोर. बानं आपल्या बाजूनं खणलं, तेही काळंभोर. हातभर खाली गेल्यावर लाल लागलं. रेघ तशीच होती, पण आता ती इकडून तिकडे सरळ गेलेली, मधे कुठेही तुटलेली नाही. मोठबा कुदळ टेकून म्हणाला, "आबाजी, पाया घालाले हे काळं काढा लागते. हे कोणाचं म्हणायचं गा?"

आबाजी वाकला. हातानं माती चाचपली. "काळं ते तिचं..." असं म्हणाला आणि थांबला. मग मायकडे तोंड करून म्हणाला, "सांग ना बाई. तुहं हाय का हे?"

मी मनात म्हटलं, आता ही पुन्हा हो म्हणते की काय. ही माती तिला किती हवी होती, ते माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? पण ती मोठमायकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "माह्या बाजूनं राख हाय, ती हिची हाय. शेणही हिचंच."

"अन् इकडं तुहे खवले हाय," मोठमाय म्हणाली. "अजून निघतात कुदळीले. मेले सडत नाई लवकर."

"मंग वाटणी कशी करू?" आबाजी म्हणाला.

"वाटू नका," मोठमाय म्हणाली. "पाया राहू द्या. काढता काढता सारं काळं गल्लीत जाईन पुन्हा." आणि मग मायला, "तुले काही येत नाई, मातीशिवाय. पोरीच्या लग्नात वांगी रांधाले कोण येणार हाय, सांग?" मायच्या डोळ्यांतून पाणी आलं. यावेळी ती खरंच रडली, उभ्या उभ्या, सर्वांसमोर, आणि मोठमाय "रडते काऊन व, रडते काऊन" म्हणत स्वतःच रडत होती. बानं आणि मोठबानं कुदळी खांद्यावर टाकल्या. इतके सुटलेले दोन चेहरे मी पुन्हा पाहिले नाहीत.

दुसऱ्या सकाळी मासोळी आली. मायनं साफ केली, पाणी मडक्यात जमवलं, आणि रोजच्या सवयीनं अंगणाच्या कडेला जाऊन मडकं मागे घेऊन भिरकावायला हात उचलला. पलीकडे मोठमाय वांग्याच्या रोपांशी बसली होती. तिनं मान वर केली.

"फेक ना. थांबली काऊन?"

"आता भित कुठी हाय फेकाले," माय म्हणाली. ती कडेकडेनं, वाफ्यात पाय न देता चालत पलीकडे गेली, आणि मोठमायच्या पाल्याच्या खड्ड्यात तिनं ते पाणी हळूहळू ओतलं. मोठमायनं वरून पाला लोटला.